कांगह्वाचं बेट आणि आपलं जपानचं कौतुक

सह्यकडा

कामानिमित्त दोन वर्षं सोलमध्ये आहे. मागच्या महिन्यात एका रविवारी कांगह्वा बेटावर जाऊन आलो. हान नदी पश्चिमेला समुद्राला मिळते तिथे हे बेट आहे, पूल ओलांडला की पोचलो. किनाऱ्यावर चोजिजिन नावाची लहानशी गढी आहे, आपल्याकडच्या एखाद्या बुरुजाएवढी. शेजारी जुनं पाइनचं झाड. तोफगोळ्यांच्या खुणा तिथे मुद्दाम जपून ठेवल्या आहेत. त्या पाहिल्यापासून डोक्यात जे चाललंय ते इथे मांडतो.

आमच्या घरात जपान म्हणजे आदर्श. आजोबा सांगायचे, एक आशियाई देश जागा झाला, तीस-चाळीस वर्षांत शिकला, कारखाने उभे केले आणि रशियासारख्या बलाढ्य साम्राज्याला हरवलं. हे सगळं खरंच आहे. १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी चार काळी जहाजं घेऊन आला. पाठोपाठ जे तह झाले त्यांत परदेशी माणसाने जपानमध्ये गुन्हा केला तर खटला त्याच्याच वकिलातीसमोर चालणार होता. आयातीवर किती जकात लावायची हेही जपानच्या हातात राहिलं नाही. १८६६ पासून ती साधारण पाच टक्क्यांवर बांधली गेली. या अपमानातूनच १८६८ ची मेइजी क्रांती झाली, सम्राटाच्या नावाने नवं सरकार आलं. १८७१ मध्ये सरंजामी संस्थानं गेली. त्याच वर्षाअखेर इवाकुरा तोमोमी अर्धं सरकार बरोबर घेऊन अमेरिका-युरोप पाहायला निघाला. पुढच्याच वर्षी शिक्षणाचा कायदा आणि योकोहामाची रेल्वे, १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आणि नवा जमीन महसूल. इतक्या कमी वर्षांत इतकं करणारा दुसरा देश मला माहीत नाही.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. सप्टेंबर १८७५ मध्ये उन्यो नावाची जपानी युद्धनौका या कांगह्वाजवळ आली. गढीतून गोळीबार झाला आणि ते निमित्त धरून नौकेने गढीवर तोफा डागल्या. फेब्रुवारी १८७६ मध्ये जपानचा दूत कुरोदा कियोताका जहाजं आणि सैनिक घेऊन आला आणि तह झाला. पुसान आणि आणखी दोन बंदरं खुली. कोरियात जपानी माणसाने गुन्हा केला तर खटला जपानी अधिकारी चालवणार. त्याच वर्षीच्या पुरवणी करारांनी जपानी मालावर जकातही नाही! पेरीने घेतली त्यापेक्षाही मोठी सवलत. १८७८ मध्ये कोरियाने पुसानला जकात बसवून पाहिली, तेव्हा जपानने युद्धनौका पाठवली आणि जकात मागे घ्यावी लागली.

पेरीपासून कांगह्वापर्यंत फक्त २३ वर्षं. स्वतःच्या गळ्यातला फास अजून निघालेला नाही, आणि तसाच फास वळून शेजाऱ्याच्या गळ्यात घातला. जपानवरची परकी न्यायालयं १८९४ च्या ब्रिटनबरोबरच्या कराराने १८९९ मध्ये गेली. जकातीचा पूर्ण हक्क त्याला परत मिळाला १९११ मध्ये, म्हणजे कोरिया गिळल्यावर एका वर्षाने.

'सुधारणा चांगल्या, साम्राज्य वाईट, दोन्ही वेगळं मोजा' असं आपण सहज म्हणतो. कांगह्वाहून आल्यापासून मला ते वेगळं मोजताच येत नाहीये. राज्यघटना लिहिणारा इतो हिरोबुमी १९०५ मध्ये कोरियाच्या मंत्र्यांना दरडावून संरक्षणाचा तह लिहून घेतो आणि पुढच्या वर्षी तिथला पहिला रेसिडेंट जनरल, म्हणजे जपानचा तिथला सर्वोच्च अधिकारी, होतो. माणूस एकच. तुम्हाला काय वाटतं?

पानगळ

उत्तम विषय. पण एक बाजू मांडते. १८७५ च्या सुमाराचं आशियाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. भारत गेलेला, ब्रह्मदेश अर्धा गेलेला, व्हिएतनामचा दक्षिण भाग फ्रान्सकडे, चीनवर दोन अफू युद्धं होऊन गेलेली, उत्तरेकडून रशिया व्लादिवोस्तोकपर्यंत उतरलेला. अशा जगात दुबळ्याला कोणी सोडत नव्हतं. कोरिया जपानने घेतला नसता तर रशियाने घेतला असता. जपानी नेत्यांना दुसरा पर्याय होता का?

सह्यकडा

@पानगळ ताई, प्रश्न रास्त आहे. जपानी नेत्यांनीही तो स्वतःला विचारला होता. १८७३ मध्ये कोरियावर स्वारी करावी की नाही यावर सरकार फुटलं. सायगो ताकामोरी स्वारीच्या बाजूचा होता. ओकुबो तोशिमिचि नुकताच युरोपहून आला होता, तो म्हणाला आत्ता नको. स्वारी रद्द झाली, सायगो राजीनामा देऊन घरी गेला. पण ओकुबोचा आक्षेप 'पैसा नाही, कर्ज आहे, घर आधी सावरू' असा होता. कोरियाच्या हक्काचा विचार त्यात मला सापडत नाही. पुढच्याच वर्षी तैवानवर मोहीम गेली आणि तिला ओकुबोची संमती होती. पर्याय होता का हे ठरवणं कठीण आहे, पण तो शोधलेला दिसत नाही.

गिरणगावकर

धागा मनापासून आवडला. मी मुंबईच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण आमच्या घरातल्या तीन पिढ्या गिरणीत गेल्या.

मेइजी काळातली जपानी कापड गिरणी चालायची हिंदुस्थानी कापसावर. १८९३ मध्ये निप्पोन युसेन कैशा या जहाज कंपनीने मुंबई-कोबे मार्ग सुरू केला तो टाटांच्या साथीने. तोवर या मार्गावर पी अँड ओ आणि तिच्या साथीदार कंपन्यांची मक्तेदारी होती, त्या मनाला येईल ते भाडं लावत. मक्तेदारी मोडली तेव्हा मुंबईत आनंदच झाला. आशियातले दोन व्यापारी देश एकत्र येऊन युरोपियन कंपनीला टक्कर देतात, ही गोष्ट आजही अभिमानाने सांगितली जाते.

पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. मुंबईच्या गिरण्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे चीन, तिथे आपलं सूत जायचं. आपल्याच कापसाचं सूत काढून जपानने चीनच्या बाजारातून आपल्याला हळूहळू बाहेर काढलं. १९३० च्या दशकात तर जपानी कापड थेट आपल्या बाजारात उतरलं. सरकारने जकात वाढवली तेव्हा १९३३ मध्ये जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला, आणि तो फटका बसला वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याला.

कामगारांच्या बाजूने पाहिलं तर आणखी एक विचित्र गोष्ट दिसते. आपल्याकडे कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ चा. १८९१ मध्ये बायकांसाठी दिवसाला ११ तासांची मर्यादा आली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेतल्या, अर्जांवर हजारो सह्या गोळा केल्या, म्हणून रविवारची सुट्टी पदरात पडली. स्वतंत्र जपानने असा कायदा केला १९११ मध्ये आणि तो लागू झाला १९१६ मध्ये. म्हणजे गुलाम देशाच्या गिरणीत कायदा आधी आला. का? कारण मुंबईचं सूत स्वस्त पडतं म्हणून लँकेशायरचे गिरणीमालक लंडनमध्ये ओरडत होते. मुंबईच्या मजुराची कणव हे त्यांचं सोंग होतं, स्पर्धकाचा खर्च वाढवणं हा हेतू. पण माझ्या पणजीला रात्री घरी यायला मिळालं ते याच कायद्यांच्या साखळीमुळे. मी त्या कायद्याला वाईट कसं म्हणू?

रेशीमकिडा

@गिरणगावकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. जपानी गिरणीतल्या मुलींबद्दल लिहायलाच हवं.

मेइजी जपानला परदेशी चलन मिळवून देणारा सर्वात मोठा माल कच्चं रेशीम होता. कोष उकळत्या पाण्यात टाकून तंतू काढायचं काम करत होत्या शेतकऱ्यांच्या मुली, कित्येक बारा-तेरा वर्षांच्या. हिदाच्या डोंगराळ मुलखातून नोमुगीची खिंड बर्फात पायी ओलांडून त्या सुवा तळ्याकाठच्या गिरण्यांत जायच्या. बापाने मालकाकडून उचल घेतलेली असायची. उचल फिटेपर्यंत मुलगी गिरणीची. (आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्यांना उचल म्हणजे काय हे समजावून सांगायला नको.) मजुरी कामाच्या प्रतीवर, आणि ती इतर मुलींशी तुलना करून ठरायची. एकीला जास्त मिळालं की दुसरीचं कापलं जाई. दिवसाला तेरा-चौदा तास. वसतिगृहात क्षय पसरायचा आणि आजारी मुलगी गावी परत पाठवली जायची.

१८८६ मध्ये कोफूच्या एका रेशीम गिरणीतल्या मुली कामाचे तास वाढवले म्हणून काम सोडून देवळात जाऊन बसल्या. जपानमधला कारखाना-कामगारांचा पहिला संप म्हणून तो ओळखला जातो. तो मुलींनी केला होता हे पाठ्यपुस्तकात असतं तर किती बरं झालं असतं.

जमीन महसूलही असाच. १८७३ ला जमिनीच्या ठरवलेल्या किमतीच्या तीन टक्के, रोख. पीक बुडो वा येवो, तेवढंच. १८७६ मध्ये मिए आणि आसपास शेतकरी उठले आणि १८७७ ला दर अडीच टक्क्यांवर आला. 'बांबूच्या भाल्याने टोचलं की अडीच टक्के बाहेर पडतात' अशा अर्थाची म्हणच तेव्हा पडली. शाळा, रेल्वे, तोफा या सगळ्यांचा पाया हा पैसा. कोरियाच्या आधी हा भार जपानी शेतकऱ्यावर आणि त्याच्या मुलीवर पडला होता.

आडवाट

वाचतोय. वाचनखूण साठवली.

सुधारकप्रेमी

एका मुद्द्यावर कोणी बोललेलं नाही म्हणून लिहितो. जपानने कोरियात सुधारणाही केल्या. १८९४-९५ च्या काबो सुधारणांत गुलामगिरी रद्द झाली, उच्च-नीच दर्जाचे कायदे गेले, बालविवाहाला बंदी आली (मुलगा २०, मुलगी १६), विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक मिळाली. मुलीचं वय १६! आपल्याकडे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा १० वरून १२ केली तर पुण्यात केवढा गदारोळ झाला. आगरकरांनी तेव्हा काय सोसलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी आगरकरांच्या बाजूचा माणूस आहे. गुलामाची बेडी तुटली तर ती कोणाच्या हातोडीने तुटली हे गुलामाने का पाहावं? कोरियाच्या राजघराण्याने आणि यांगबान सरदारांनी आपणहून ती कधीही तोडली नसती.

सह्यकडा

@सुधारकप्रेमी, या प्रतिसादाला घाईने उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून दोन दिवस लागले. आगरकरांबद्दलचा आदर माझ्याही मनात तेवढाच आहे.

काबो सुधारणा चांगल्याच होत्या आणि त्या अमलात आणणारे बरेच कोरियन मनापासून सुधारक होते, हे आधीच मान्य करतो. पण त्या कशा आल्या ते पाहा. १८९४ च्या सुरुवातीला दक्षिणेत चोन बोंग-जुन याच्या पुढाकाराने शेतकरी उठले, तोंघाक पंथाचे. जुलमी महसूल आणि लाचखोर अंमलदार हे कारण. पुढे लिहिल्या गेलेल्या तोंघाकांच्या इतिहासात त्यांच्या बारा मागण्या दिल्या आहेत. त्यांत गुलामांची कागदपत्रं जाळा, हलक्या मानलेल्या जातींना माणसासारखं वागवा, आणि तरुण विधवांना पुन्हा लग्न करू द्या, हेही आहे. म्हणजे मागणी तिथल्याच मातीतून आली होती. शेतकऱ्यांनी केली होती.

राजाने घाबरून चीनची मदत मागितली. चीनचं सैन्य आलं म्हणून जपाननेही, न बोलावता, सैन्य उतरवलं. २३ जुलै १८९४ ला जपानी सैनिकांनी ग्योंगबोकगुंग राजवाडा ताब्यात घेतला. चारच दिवसांनी सुधारणा मंडळ बसलं आणि फर्मानं निघू लागली. शरद ऋतूत तोंघाक पुन्हा उठले, या वेळी जपानविरुद्ध. कोंगजूजवळ उगुमची खिंडीत बांबूचे भाले आणि तोड्याच्या बंदुका घेतलेल्या हजारो शेतकऱ्यांना जपानी आणि सरकारी तुकड्यांनी कापून काढलं. विधवेच्या पुनर्विवाहाची मागणी करणारे मारले गेले, आणि ज्यांनी मारलं त्यांच्या पहाऱ्यात विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक मिळाली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचं वर्ष आणखी वाईट. ८ ऑक्टोबर १८९५ ला जपानी वकील मिउरा गोरो याच्या कटातून राणी मिनचा राजवाड्यातच खून झाला. मिउरावर हिरोशिमात चौकशी झाली आणि पुरावा नाही म्हणून सगळे सुटले. खुनाला तीन महिनेही झाले नव्हते तोच, ३० डिसेंबरला, फर्मान निघालं: पुरुषांनी डोक्यावरचा केसांचा बुचडा कापायचा. केस आईबापांनी दिलेले, ते कापणं म्हणजे त्यांचा अपमान, ही तिथली जुनी समजूत. रस्त्यात धरून केस कापले जाऊ लागले आणि गावोगावी लोकांनी शस्त्रं उचलली. फेब्रुवारी १८९६ मध्ये राजा रशियन वकिलातीत पळून गेला. सुधारणा करणारा पंतप्रधान किम होंग-जिप याला सोलच्या रस्त्यावर जमावाने मारलं.

तुमची हातोडीची उपमा घेऊन सांगतो. बेडी तोडणाऱ्याच्या दुसऱ्या हातात राणीच्या रक्ताने माखलेली तलवार होती, म्हणून लोकांना हातोडीचीही घृणा आली. बिचारा किम होंग-जिप त्यातच गेला. १८९१ मध्ये टिळक म्हणत होते की परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये. त्या वादात मी नेहमी आगरकरांच्या बाजूने होतो, आजही आहे. पण टिळकांच्या म्हणण्यात कोणती भीती होती, ते मला सोलमध्ये येऊन कळलं.

सुधारकप्रेमी

तोंघाकांच्या मागण्यांतलं विधवांचं कलम मला माहीत नव्हतं. त्याने माझ्या म्हणण्याला धक्का बसतो, हे मोकळेपणाने मान्य करतो.

तरी एक राहतंच. राजा स्वतः काय करत होता? १८९६ मध्ये सो जे-पिल या कोरियन सुधारकाने 'तोंगनिप सिनमुन' हे वर्तमानपत्र काढलं, शुद्ध कोरियन लिपीत, सामान्य माणसाला वाचता यावं म्हणून. त्याच्याभोवती स्वातंत्र्य मंडळ उभं राहिलं, सोलच्या चौकात जाहीर सभा झाल्या, त्यांत खाटकासारख्या अस्पृश्य मानलेल्या माणसाने भाषण केलं. हे १८९८ मध्ये मोडून काढलं ते जपानने नाही, राजा गोजोंगनेच. परकी तलवार वाईट, पण घरची गादी काही कमी वाईट नव्हती.

सह्यकडा

हे शंभर टक्के खरं. ते मंडळ टिकलं असतं तर, हा विचार इथल्या सहकाऱ्यांशी बोलतानाही पुन्हा पुन्हा निघतो.

पानगळ

आता माझंही मन डळमळतंय. फुकुझावा युकिची या जपानी विचारवंताबद्दल वाचलं होतं, त्याने किम ओक-ग्युनसारख्या तरुण कोरियन सुधारकांना घरात आसरा दिला, शिकवलं. डिसेंबर १८८४ मध्ये त्यांनी सोलमध्ये सत्ता घेतली आणि तीन दिवसांत चिनी फौजेने ती उलथवली. मार्च १८८५ मध्ये फुकुझावाच्या वर्तमानपत्रात लेख आला की आता शेजाऱ्यांची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही, पाश्चात्त्य त्यांच्याशी जसे वागतात तसंच आपणही वागावं. शिकवणाऱ्याची आशा सुटली की त्याचं काय होतं, ते त्या लेखात दिसतं.

आणखी एक. अण्णासाहेब कर्व्यांच्या हातात टोकियोच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका आली आणि त्यातून १९१६ चं आपलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. माझी आजी तिथे शिकली. ते जपानही खरंच होतं ना?

सह्यकडा

होय ताई, खरंच होतं. ते कोणी पुसू नये.

इतिहासवेडी

उशिरा आले, पण १९०५ बद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियाचं आरमार बुडालं. आपल्याकडे त्याने किती आशा जागल्या हे 'केसरी'च्या वाचकांना ठाऊक होतं. वंगभंगाच्या त्या वर्षी जपान म्हणजे आशियाचा उदय होता.

त्याच वर्षी १२ ऑगस्टला लंडनमध्ये ब्रिटन आणि जपान यांनी आपल्या मैत्रीच्या तहाचं नूतनीकरण केलं. त्यात ब्रिटनने कोरियातलं जपानचं वर्चस्व मान्य केलं, आणि जपानने हिंदुस्थानच्या सरहद्दीच्या रक्षणासाठी लागेल ते करण्याचा ब्रिटनचा हक्क मान्य केला. एका ओळीत कोरिया, दुसऱ्या ओळीत आपण. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापूरला हिंदी शिपायांनी बंड केलं तेव्हा ते मोडायला जपानी नौसैनिकही उतरले होते. जपानच्या विजयावर आशा ठेवणाऱ्या आपल्या लोकांना या देवघेवीची कितपत कल्पना होती, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतोय.

गिरणगावकर

अरे बापरे. कोबेला जाणारा कापूस आणि सिंगापूरला उतरलेले नौसैनिक एकत्र कधी आठवलेच नव्हते.

युद्धखंडणीचाही हिशोब जोडतो. १८९५ च्या शिमोनोसेकीच्या तहात चीनवर २० कोटी तैल (चिनी वजन) चांदीची खंडणी बसली. वर जपानने चीनकडून घेतलेलं ल्याओतुंग द्वीपकल्प रशिया, जर्मनी आणि फ्रान्सच्या दबावाने परत द्यावं लागलं, त्याचे आणखी ३ कोटी. यातला बराचसा पैसा आरमार आणि लष्करावर गेला, काही यावाताच्या पोलाद कारखान्याला लागला, आणि त्याच्याच जोरावर १८९७ मध्ये येन सोन्याला जोडला गेला. मेइजी उद्योगांचा इतिहास सांगताना यावाताच्या भट्ट्यांचे फोटो आवर्जून दाखवतात, खंडणी मात्र तळटीपेत जाते.

रेशीमकिडा

@सह्यकडा, तुमचे कोरियन सहकारी याबद्दल काय बोलतात? विषय काढणं अवघड जातं का?

सह्यकडा

आधी अवघड गेलं. मी जपानचं कौतुक ऐकत मोठा झालो हे सांगताना संकोच वाटला. माझ्या शेजारी बसणारी एक सहकारी शांतपणे ऐकत होती. मग तिने आजीची गोष्ट सांगितली. आजी जपानी अमलात शाळेत गेली, घराण्यातली पहिली मुलगी. गणित तिथेच शिकली, म्हातारपणीही तोंडी हिशोब करायची. पण शेवटच्या वर्षांत शाळेत कोरियन बोललं की शिक्षा व्हायची आणि नावही जपानी घ्यावं लागलं होतं. आजी आकडे कायम जपानीत मोजायची. कोणी चिडवलं की गप्प बसायची आणि पुन्हा पहिल्यापासून कोरियनमध्ये मोजायला लागायची.

पुढच्या शनिवारी तिच्याबरोबर कोंगजूला जाणार आहे, उगुमचीची खिंड पाहायला. फोटो इथेच टाकतो.